नंबर नाही लागला

नीटचा निकाल लागला की आमच्या अकोल्यातल्या जठारपेठेत फलक चढतात. सातव चौकातून उमरीकडे जाताना मान वर करून चालावं लागतं. निळ्या पार्श्वभूमीवर ओळीने चेहरे, आधारकार्डावर असतात तसे गंभीर, आणि प्रत्येकाखाली नावापेक्षा मोठ्या अक्षरात मार्क. नीट पाहिलं तर गंमतही सापडते. एकच मुलगी दोन वेगवेगळ्या क्लासेसच्या फलकांवर असते. एका ठिकाणी ती वर्षभर शिकलेली असते, दुसऱ्या ठिकाणी तिने नुसती टेस्ट सिरीज दिलेली असते. श्रेय दोघांनीही पूर्ण घेतलेलं. फलकावर चाळीस-पन्नास चेहरे मावतात. पावसाळाभर ते भिजत, फाटत तिथेच लटकतात आणि पुढे कुणाच्या तरी भाजीच्या गाड्यावर ताडपत्री म्हणून भेटतात.

त्या फलकांखालून क्लासला जाणारी मुलं मात्र शेकड्यांनी आहेत. ‘पोट्टं अकोल्याले ठेवलं’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्याही एसटीत ऐकू येतं. तेल्हारा, अकोट, पातूर, मूर्तिजापूर, तिकडून रिसोड, मालेगाव, मेहकर. दहावी झाली की मुलं येतात. रामदासपेठ, रणपिसे नगर, रतनलाल प्लॉट, जठारपेठ अशा वस्त्यांतल्या वरच्या मजल्यांवर दोन-दोन, तीन-तीन जण राहतात. एक कॉट, एक टेबल, खिडकीत कूलर, भिंतीवर सूत्रांच्या चिठ्ठ्या. महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते कोणत्या दिवशी येणार हे या मुलांना आवर्तसारणीइतकंच पाठ असतं. आमच्याही वरच्या दोन खोल्या मुलींना दिलेल्या आहेत. यजमान कृषी विद्यापीठातून निवृत्त झाले, मुलं पुण्याला गेली आणि घरात पुन्हा वह्या-पुस्तकांचा आवाज यावा म्हणून मी खोल्या द्यायला लागले. भाड्याचा हिशोब होताच, तो का लपवा?

अभ्यास कसा करतात हे मी बघितलंय, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ऑगस्टमधल्या दिवसांवर. निकाल जूनमध्ये लागतो, नंबर लागतो की नाही ते पुढे राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’च्या फेऱ्यांमध्ये कळतं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, मग उरल्यासुरल्या जागांची. प्रत्येक फेरीला यादी, प्रत्येक यादीला ‘आज रात्री येणार’ अशी आवई.

मालेगावकडची एक मुलगी आमच्याकडे होती. बारावीनंतर एक वर्ष रिपीट केलेली. तिसऱ्या फेरीची यादी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मी दूध घेऊन वर गेले तर दोघी मैत्रिणी एकाच मोबाईलवर वाकलेल्या. शेकडो पानांची फाईल, बारीक अक्षरं, ओळीने मेरिट क्रमांक, नाव, प्रवर्ग आणि शेवटच्या रकान्यात कॉलेज. तिच्या नावासमोर कॉलेज नव्हतं. तिथे इंग्रजीत तीन शब्द होते, ‘चॉईस नॉट अवेलेबल’. ती रडली नाही. तिने बोटाने फाईल वर सरकवली आणि तिच्या प्रवर्गातला कॉलेज मिळालेला शेवटचा माणूस शोधून काढला. त्याच्या आणि आपल्यामध्ये किती जण आहेत ते मोजायला लागली. मैत्रीण म्हणाली, ‘अगं सोड ना आता.’ ती मोजतच राहिली.

मग घरी फोन. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. तिकडेही कुणी झोपलेलं नव्हतं.

‘लागला का गं माय?’

‘नाही लागला बाबा.’

‘बरं. जेवली का तू?’

मग बराच वेळ दोन्हीकडून कुणी काही बोललं नाही. शेवटी बाप म्हणाला, ‘सकाळच्या गाडीनं येतो मी,’ आणि फोन ठेवला.

या मुलांना नकार मिळतो तो असा. पत्र येत नाही. कुणी समोर बसवून ‘आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही, कारण असं’ म्हणत नाही. एक फाईल येते आणि तीत आपण एका न दिसणाऱ्या रेषेच्या खाली असतो. रेषा कुणी ओढली? कुणीच नाही. ती जागांच्या आकड्यावर आपोआप पडते.

तो आकडा एकदा मांडून बघायला हवा, कारण घराघरांत तो कुणी मांडत नाही. २०२५ साली नीटला देशभरातून बावीस लाखांवर मुलं बसली. त्यातली बारा लाखांवर ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी, म्हणजे कापूस विकून फी भरता येईल अशा, जेमतेम निम्म्या. पात्र ठरलेल्या दहांतल्या नवांना एमबीबीएसची कुठलीच जागा मिळणार नाही, हे परीक्षेच्या आधीच ठरलेलं असतं. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा पन्नास पर्सेंटाईलची आहे, राखीव प्रवर्गांसाठी चाळीसची. खुल्या गटातलं मूल बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे गेलं की पात्र झालं. गावाकडे हे कुणाला ठाऊक? ‘पोरगी नीट क्वालिफाय झाली’ म्हणून जूनमध्ये पेढे वाटले जातात, ग्रामपंचायतीत शाल-नारळ होतो आणि ऑगस्टमध्ये तीच माणसं विचारतात, ‘काहून बा, मंग नंबर काहून नाही लागला?’ माझ्या मते पात्र हा शिक्का या परीक्षेने केलेला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. तो घोटाळा नियमात बसणारा आहे, एवढंच.

मार्कांचंही तसंच. २०२४ च्या निकालात आधी ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले होते. पुढे वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती ती एकच धरली गेली, आणि जुलैअखेरच्या सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचा पेपर असा निघाला की देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६ होते. तेवढेच मार्क आदल्या वर्षी पडले असते तर त्याच्या पुढे हजारो मुलं असती. मुलं तीच, पुस्तकं तीच, एनसीईआरटीच्या ओळीही त्याच. मार्क सारखे पडले तर आधी जीवशास्त्राचे बघतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे, त्यानंतर चुकलेल्या उत्तरांचं प्रमाण. एका जागेसाठी दोघांतला एक निवडायचा तर कुठेतरी चाळण लावावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चाळणीतून खाली पडलेलं मूल वर राहिलेल्यापेक्षा कमी हुशार, कमी कष्टाळू, डॉक्टर व्हायला कमी लायक, असं त्यातून निघत नाही. ती मालेगावची मुलगी मोजत बसली होती ती माणसं होती, तिच्यातली उणीव नव्हती. हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही. त्या रात्री कुणाला गणित शिकवू नये.

पूर्वी हा नकार थोडा विभागला तरी जायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत बारावीच्या मार्कांवर मेडिकलला नंबर लागत. मग राज्याची सीईटी आली. तिच्या जोडीला देशपातळीवरची पंधरा टक्क्यांसाठीची परीक्षा वेगळी, दिल्लीच्या एम्सची वेगळी, पुदुच्चेरीच्या जिपमरची वेगळी. आणि आपल्या हाताशी, वर्ध्याजवळ, सेवाग्रामची. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि तीत गांधीविचारावर एक वेगळा पेपर असायचा. फिजिक्स-केमिस्ट्रीत मागे पडलेली पण निबंध लिहू शकणारी, चार ओळी स्वतःच्या विचाराने मांडणारी मुलं तिथे पुढे जाऊ शकत. वऱ्हाडातली कितीतरी मुलं त्या निमित्ताने आयुष्यात पहिल्यांदा गांधी वाचत. निमित्त स्वार्थाचं होतं, पण वाचत.

नीट पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये न्यायालयाच्याच आदेशाने ती परत आली. सेवाग्रामचा पेपर बंद झाला. एम्स आणि जिपमरच्या परीक्षा २०१९ नंतर संपल्या. आता दार एकच. याचे फायदे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. चार परीक्षांचे चार फॉर्म, चार फिया, नागपूर-मुंबई-दिल्लीच्या चकरा, हे शेतकऱ्याच्या घराला परवडत नव्हतं. देणग्यांचा बाजारही आटोक्यात आला असं म्हणतात. पण पूर्वी एका परीक्षेने नाही म्हटलं तर दुसरीची तारीख बाकी असायची. आता मे महिन्यातल्या एका रविवारी, अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पायांत चपला घालून दिलेल्या तीन तासांवर सगळं येऊन थांबलंय.

इथल्या लोकांना ७०:३० आठवत असेल. विदर्भातल्या कॉलेजांच्या सत्तर टक्के जागा विदर्भातल्या मुलांना, तीस टक्के राज्यभरातून. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत गेली आणि राज्याची एकच यादी झाली. ती रद्द व्हावी म्हणून मराठवाडा सगळ्यात जास्त भांडला, कारण त्यांच्याकडे कॉलेजं कमी आणि मार्कवाली मुलं जास्त. न्याय झाला की अन्याय, हे ज्याचा त्याचा नंबर लागला की नाही यावर ठरतं. दुसऱ्या बाजूने जागा वाढल्या हेही खरं. अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज २००२ मध्ये आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं एका दिवशी सुरू झाल्याचं जाहीर झालं, त्यात अमरावती, वाशीम आणि बुलडाणा होती. वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांत आता सरकारी कॉलेज आहे. तरी यादीच्या रात्री आमच्या वरच्या मजल्यावर जे होतं ते कमी झालेलं नाही, कारण जागांबरोबर रांगही वाढली.

अशा वेळी धीर द्यायला येणाऱ्यांचा एक ठरलेला साठा असतो. अमुक शास्त्रज्ञ शाळेत नापास झाला होता, तमुक उद्योगपतीला सगळ्यांनी नाकारलं होतं. यातल्या निम्म्या गोष्टी खोट्या असतात आणि उरलेल्या निम्म्यांचा समोरच्या मुलीशी संबंध नसतो. मला मात्र नकाराची एक खरी गोष्ट नेहमी आठवते, ती आपल्या मराठी घरातली आहे, आणि ती मी धीर देण्यासाठी सांगत नाही.

कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाली. वडील आणि काका बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. तिनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांनी तिला नाकारलं. मार्क कमी म्हणून नव्हे, बाई म्हणून. ही मुलगी बंगळुरूला गेली, रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि कारण विचारलं. दाराशी सत्याग्रह करीन म्हणाली. शेवटी त्यांनी घेतलं, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. तिने अपमान गिळून वर्ष काढलं, काम करून दाखवलं, आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं. पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

मी ही गोष्ट सांगितली की ऐकणारे लगेच म्हणतात, बघ, जिद्द असली की होतं. मला त्यातून हे दिसत नाही. मला दिसतो तो नकार देणारा माणूस. तो खुर्चीत बसलेला होता, त्याला नाव होतं, त्याचं कारण चुकीचं होतं आणि ते त्याच्या तोंडावर सांगता येत होतं. कमलाबाईंचा राग कुणावर काढायचा हे कमलाबाईंना माहीत होतं. आमच्या वरच्या खोलीतल्या मुलीने कुणाच्या दाराशी बसायचं? सीईटी सेलच्या संकेतस्थळाच्या? तिला कुणी अन्यायाने नाकारलेलं नाही, कुणी न्यायानेही नाकारलेलं नाही. राग जायला जागाच नसली की तो आत वळतो, नाहीतर आईवर निघतो. ऑगस्टमध्ये या गल्लीत आया उगाच बोलणी खातात त्याचं कारण हेच असावं.

नकाराला चेहरा नाही तसा शेवटही नाही. आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. तिसऱ्या वर्षी दार बंद. कठोर नियम आहे, पण एका दृष्टीने दयाळूही. कुणीतरी ‘आता पुरे’ म्हणतं आणि मूल दुसरीकडे बघायला मोकळं होतं. नीटला कितीही वेळा बसता येतं, वयाची वरची मर्यादाही आता नाही. त्यामुळे ‘पुरे’ म्हणायचं काम घरावर येतं, आणि घराला ते म्हणवत नाही. बापाला वाटतं, मी नाही म्हटलं तर पोरगी म्हणेल पैशासाठी थांबवलं. पोरीला वाटतं, मी थांबते म्हटलं तर इतकी वर्षं घातलेला पैसा वाया गेला असं बाबांना वाटेल. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणखी एक वर्ष घालतात. यात क्लासवालेही मागे नसतात. यादी लागल्याच्या आठवड्यातच रिपीटर बॅचचे मेसेज मोबाईलवर येऊन पडतात, आधीच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत. सवलतीची मुदतही अशी की चार दिवसांत ठरवा. ज्या आठवड्यात माणसाने काहीच ठरवू नये, नेमका तोच आठवडा.

रिपीट करूच नये असं मी म्हणत नाही. आमच्याकडच्या एका मुलीने केलं आणि दुसऱ्या वर्षी यवतमाळला नंबर लागला. ती दिवाळीला पेढे घेऊन आली होती. दुसरीने केलं, मार्क आणखी कमी पडले, ती नर्सिंगला गेली. तिसरी गावी गेली ती गेलीच, तिचा मोबाईल नंबरही बदलला. तिचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि फलकांच्या दिवसांत मला तिचीच आठवण येते.

गल्लीचं बोलायचं तर हे ओझं वाढवण्यात आपण सगळेच आहोत. पोरीचा नंबर लागला नाही हे कळलेलं असतं, तरी बाया वर येतात. ‘मले तर आताच समजलं बाई. किती मार्कानं गेलं?’ चार मार्कांनी म्हटलं तर हळहळ मोठी, चाळीस म्हटलं तर ‘मंग काही नाही’ असा चेहरा. मग लगेच, ‘आमच्या जावेच्या पोराचा लागला ना नागपूरले.’ नात्यातली लग्नं, बारशी, गौरी-गणपती, सगळीकडे तोच प्रश्न फिरतो. मुली मग गणपतीत घरी जात नाहीत. ‘अभ्यास आहे’ म्हणतात आणि इथे खोलीत पंख्याकडे बघत पडून राहतात. काहींना मार्क असूनही जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हातात पडत नाही, आणि खुल्या प्रवर्गात जाऊन यादीतलं नाव खाली ढकललं जातं. त्यांना तर काय उत्तर द्यायचं तेही कळत नाही, कारण कागद अडला हे सांगितलं की लोकांना बहाणा वाटतो.

एक गोष्ट जड आहे, पण गाळली तर हा लेख खोटा होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यातल्या सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या. कारणं अनेक असतात, सगळी परीक्षेची नव्हेत. पण घरातलं कर्तं माणूस असं गेल्यावर मागे काय उरतं हे वऱ्हाडाला कुणी सांगायला नको. म्हणून यादीच्या रात्री मी कुठल्याच मुलीला खोलीत एकटी झोपू देत नाही. खाली गाद्या घालते, सगळ्यांना खिचडी-कढी करते, मोबाईल माझ्याकडे ठेवायला सांगते. कुणी बोललंच तर ऐकते. ‘काकू, मरून जावंसं वाटतं’ असं कुणी म्हणालं तर ते बोलायची रीत आहे असं समजून सोडून देत नाही. थेट विचारते, घरी कळवते. शासनाची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. तो नंबर जिन्याच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.

मालेगावचा तो बाप सकाळी खरंच पहिल्या गाडीने आला. हातात तुरीच्या डाळीची पिशवी. माझ्याशी पिकाबद्दल बोलला, पावसाने ओढ दिली होती, सोयाबीनवर अळी पडली होती. पोरीला एक शब्द विचारला नाही. ‘चाल, आठ दिवस घरी राहू,’ एवढंच. ती गेली. तिथे तिने काय केलं, तर आईबरोबर निंदायला गेली, पाळणाघरासारख्या गजबजलेल्या घरात चुलतभावंडांना सांभाळलं, दुपारी झोपली. परत आली तेव्हा हाताला भेगा होत्या आणि जेवण दुप्पट झालं होतं. रिपीट नाही म्हणाली.

तिला हे म्हणता आलं, कारण तिच्याकडे दुसरा कागद होता. हिवाळ्यात, बारावीचं वर्ष संपायच्या सुमाराला मुलं एमएचटी-सीईटीचा अर्ज भरतात. रिपीट करणाऱ्या बऱ्याच मुली तो भरत नाहीत. दुसरा फॉर्म भरला की पहिल्यावरचं मन उडतं, अशी एक समजूत आहे. काही शिक्षकही तसं सांगतात. हिच्या मैत्रिणीने तिला ओढून नेऊन भरायला लावला होता. परीक्षा तिने फारशी मनावर न घेता दिली, आणि त्या मार्कांवर तिचा बी.एस्सी. अॅग्रिकल्चरला नंबर लागला. आमच्या यजमानांना या गोष्टीचा अंमळ जास्तच आनंद झाला. हे कृषी विद्यापीठ अकोल्याला मिळावं म्हणून १९६७ साली लोक रस्त्यावर उतरले होते, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला ते झालं. आज त्याच अकोल्यात ‘काहीच नाही लागलं म्हणून अॅग्री घेतलं’ असं पोरं खाली मान घालून सांगतात, हे त्यांना सोसत नाही. ती मुलगी आता मातीचे नमुने कसे घ्यायचे ते मला शिकवते. डॉक्टर न झाल्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ‘वाटते ना काकू,’ म्हणाली. ‘रोज नाही वाटत.’

तेव्हा ज्यांच्या घरात यंदा बारावीचं किंवा रिपीटचं मूल आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. जानेवारी-फेब्रुवारीकडे एमएचटी-सीईटीचे अर्ज सुटतात. पीसीबी गटावर कृषी आणि फार्मसी दोन्ही येतात. फॉर्म भरताना मुलाच्या शेजारी बसा, जातीचे आणि रहिवासाचे कागद आत्ताच काढून ठेवा, जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता टाका. आणि रिपीट करायचं की नाही हे ऑगस्टमधल्या यादीच्या आठवड्यात ठरवू नका. क्लासची सवलत गेली तरी जाऊ द्या.